पाचाचा की आठाचा?

८ जून

बाबा,

तब्येत ठीक ना? गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांगा, इथून पाठवते. खरं तर फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी ‘खारूचा दात पडला’ म्हटलं आणि तुम्ही ‘कुठे पडली, लागलं का’ करत दिवसभर काळजीत राहिलात. मोबाईलवर लिहावं तर तुमचं उत्तर ‘बरं’. एवढंच. म्हणून कागद घेतला. कागदावर तुम्ही भरपूर बोलता.

काम तुमच्या हातचं आहे. मी घरून नकाशे काढायला लागल्यापासून पुढची खोली म्हणजे ऑफिसच झालंय. मोठं टेबल, मोठा प्रिंटर, भिंतीला गुंडाळ्या. पण फाइली आता इतक्या जड यायला लागल्यात की एक उघडायची तर मी चहा टाकते, पिते, कप विसळून ठेवते, तरी ती अर्ध्यावरच असते. परवा एक गिऱ्हाईक समोर बसलं होतं. त्यांच्याच घराचा नकाशा, आणि स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय. ते बिचारे सभ्यपणे भिंतीकडे बघत राहिले.

इंटरनेटच्या सगळ्या वायरी ज्या डब्यात येतात तो स्विच नवीन घ्यावा लागेल असं दिसतंय. दुकानात गेले, तर दुकानदाराने विचारलं, किती पोर्टचा, गिगाबिट का, मॅनेज्ड का साधा, पीओई हवा का. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. बाहेर आल्यावर लक्षात आलं, घरी विचारायला खारू सोडून कोणी नाही. ती म्हणाली, आजोबांना विचार. तुम्ही आयुष्यभर ऑफिसांमधून वायरी ओढल्यात, तेव्हा तुमच्यावरच ढकलते.

आत्ता आहे तो तुमच्या मुलाने बसवलेला. पाच पोर्टचा, टेबलाच्या खालून स्क्रूने आवळलेला. बसवणारा जाऊन पाच वर्षं झाली, पण त्या डब्यावरची धूळ मीच पुसते, दुसऱ्या कोणाला पुसू देत नाही. तो काढावाच लागेल का? तेवढ्यावर भागत असेल तर मला तोच हवा आहे.

तुमची सून


१५ जून

पोरी,

तेल आहे. गुडघाही आहे. दोघांचं फारसं पटत नाही.

स्विचचं विचारलंस ते बरं केलंस. या वयात कोणी काही विचारलं की माणूस ताठ बसतो. घरमालकांच्या ओट्यावर बसून लिहितोय, आणि त्यांना दोनदा सांगून झालं की सूनबाईने सल्ला मागितलाय.

आधी एक कर. दुकान विसर. घरात वायर लागणाऱ्या वस्तू किती, त्या मोज. लोक उलटं करतात. आधी डबा आणतात आणि मग त्यात काय खुपसायचं ते शोधतात. प्रत्येक वस्तू एक पोर्ट खाते. आणि एक पोर्ट राउटरकडे जाणाऱ्या वायरीला जातो, तो सगळे विसरतात. मीसुद्धा पहिल्या नोकरीत विसरलो होतो. साहेबांचा संगणक बाहेरच राहिला होता.

गिगाबिट, म्हणजे हजाराच्या वेगाचा, हवाच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. मॅनेज्ड नको. मोठ्या ऑफिसात एका खात्याचं दुसऱ्याला दिसू नये म्हणून आत भिंती घालाव्या लागतात, तो त्याचा उपयोग. तुझ्या घरात कोणाला कोणापासून काय लपवायचंय? साधा घे. वायर खुपसली की चालू. पीओई म्हणजे वायरीतूनच वीज. छताला वायफायचा डबा लावणार असशील तर ते सोयीचं, नाहीतर वर प्लग काढत बसावं लागतं. आणि पंखा नसलेला बघ, पत्र्याच्या अंगाचा. पंखेवाले दिवसभर घरघर करतात. तू काम करतेस त्याच खोलीत ते नको.

आता त्याने बसवलेल्याचं. तो घेताना मी दुकानात बरोबर होतो. तो शंभराचा आहे, हजाराचा नाही. त्या वेळी तेवढा पुष्कळ होता. आता त्यातून तुझ्या फाइली रांगतच येणार. काढावा लागेल. आजच काढ असं म्हणत नाही. पण लागेल.

वस्तू मोजून कळव. खारूला म्हणावं, पडलेल्या दाताच्या जागी आता काय दिसतंय ते चित्र काढून पाठव.

बाबा


२४ जून

बाबा,

चित्र सोबत आहे. त्यात दात मोठा आणि खारू लहान आलीये, पण तिच्या मते प्रमाण बरोबर आहे.

मोजलं. माझा संगणक, मोठा प्रिंटर, फाइली साठवायचा डबा आणि छताला लावायचा वायफाय. चार झाले. राउटरकडे जाणारी वायर धरून पाच. म्हणजे पाचाचा भरून जातो, शिल्लक काही नाही. तुम्ही सांगितलं नसतं तर ती पाचवी मी विसरलेच असते.

पण बाबा, आणखी थोडं आहे. खिडकीजवळ एक दुसरं टेबल टाकलंय. तिथे एक वायर लागेल. आणि मागची छोटी खोली तुम्हाला आठवते ना, जिथे आपण जुनी गादी आणि खारूचा पाळणा ठेवला होता? ती रिकामी केली. पाळणा देऊन टाकला. खोलीला रंग काढला, फिकट पिवळा, दुपारचं ऊन आलं की छान दिसतो. तिथेही एक वायर जुनीच गेलेली आहे, ती वापरात आणावी म्हणते.

तर मला असं विचारायचं होतं. समजा, घरात एक माणूस वाढलं, तर पाचाचा घ्यावा की आठाचा?

हे वाक्य खोडणार होते, पण राहू देते. बाकीचं तुम्ही विचाराल तसं सांगेन.

खारूची चौथी सुरू झाली. तिला नवीन बाई आवडल्यात, कारण त्या डावखुऱ्या आहेत.

तुमची सून


२ जुलै

पोरी,

तुझं पत्र खिशात घालून फिरतोय. वाढलेलं माणूस कोण, हे न कळण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही.

तू मागे एकदा म्हणाली होतीस, बाबा, इकडे राहायला या. मी नको म्हटलं. नंतर पुन्हा म्हणालीस, मी पुन्हा नको म्हटलं. मग तू म्हणणं सोडून दिलंस, आणि मला वाटलं, बरं झालं, सुटलो. ते खरं नव्हतं. तुझ्या कामात माझी अडचण होईल, खारूला माझ्याशी ओरडून बोलावं लागेल, असं काहीबाही मनात यायचं. आता तू सरळ न विचारता टेबलच टाकलंस, खोलीला रंगच काढलास. तुझी युक्ती समजली. मी नको म्हणू नये म्हणून केलीस ना?

तर मी येतो.

तुला म्हणून सांगतो, अलीकडे जेवताना मी ताट घेत नाही. पातेल्यातच खातो. एका माणसासाठी ताट काय घासायचं? पण खोटं खोटं जेवल्यासारखं वाटतं. तुझं पत्र आलं त्या दिवशी ताट काढलं.

मालकांना सांगून टाकलं की ऑगस्टअखेर खोली सोडतो. ते म्हणाले, मग संध्याकाळी आम्ही कोणाशी भांडायचं? हत्यारांची पेटी आधी बांधली, मग कपडे. पुस्तकं मालकांच्या नातवाला देऊन टाकली. कपाट विकायला काढलंय.

खिडकीजवळचं टेबल मला नको, उजेडाची जागा तुला ठेव. मला मागची खोली पुष्कळ. दुपारी खारू शाळेतून आली की मी असेन, तुला काम टाकून उठायला नको. आणि स्विच आठाचाच घे. माणसं धरून मोजलं की नेहमी आठाचाच लागतो.

खारूला सांगू नकोस. मी एकदम दारात उभा राहीन.

बाबा


७ जुलै

बाबा,

तुमचं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं, आणि गॅस बंद करून पुन्हा वाचलं.

चूक तुमची नाही. मी अर्धंच लिहिलं. ‘घरात एक माणूस वाढलं तर’ असं लिहिलं तेव्हा वाटलं होतं, तुम्ही विचाराल, कोण? आणि मग मला सांगता येईल. तुम्ही विचारलंच नाही, कारण तुम्हाला वाटलं तुम्हीच. तुम्हाला तसं वाटलं यात किती माया आहे, ते मला कळतं. म्हणून पुढचं लिहिणं अवघड आहे. पण लिहिते.

खिडकीजवळचं टेबल मोजणीदारांचं आहे. ते जमिनी आणि जुन्या इमारती मोजतात, मी त्यांच्या मोजणीवरून नकाशे काढते. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या कामात ओळख झाली. माझा नकाशा त्यांनी परत पाठवला. म्हणाले, ही भिंत वाकडी आहे, तुम्ही सरळ का काढली? मी म्हटलं, सवयीने हात सरळ जातो. ते म्हणाले, मग पुन्हा जाऊन बघू या. आणि खरंच मला घेऊन गेले, आणि भिंत खरंच वाकडी होती. असे आहेत. फार बोलत नाहीत. खारू काहीही विचारते, आकाश किती जाड असतं वगैरे, आणि ते ‘माहीत नाही, बघून सांगतो’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी सांगतात.

आम्ही ऑक्टोबरमध्ये लग्न करायचं ठरवलंय. नोंदणी करून, साधंच. मागची खोली त्यांच्या यंत्रांसाठी रिकामी केली होती.

तुमचं पत्र मी त्यांना वाचायला दिलं. देऊ नये असं वाटलं, पण लपवणं आता मला नको झालंय. त्यांनी वाचलं, घडी घातली, आणि म्हणाले, “त्यांना येऊ दे. आपण थांबू. एक वर्ष, दोन वर्षं, काय फरक पडतो?” मी म्हटलं, फरक पडतो. स्वतःचं सुख थांबवून कोणी बाबांना जागा दिली तर ते ती घेणार नाहीत. मी तुम्हाला इतकं तरी ओळखते ना?

खोली तुमची आहे. तोंडदेखलं म्हणून लिहीत नाही. यंत्रं पॅसेजमधल्या फळीवर राहतील. तुम्ही या. पण या घरात आणखी कोण असेल ते माहीत असून या.

तुमचा मुलगा माझ्या मनातून गेला असं नाही. ते कसं सांगायचं मला कळत नाही, म्हणून सांगत नाही.

खारूला तुम्ही येणार हे मी सांगितलेलं नाही.

तुमची


२८ जुलै

बाबा,

उत्तर आलं नाही. मालकांच्या घरी फोन करून विचारलं. मालकीणबाई म्हणाल्या, तब्येत चांगली आहे, ओट्यावर बसतात, पण भांडत नाहीत.

मी काही विकत घेतलेलं नाही. फाइली रांगतायत, रांगू देत. मला लिहू नये असं वाटत असेल तर लिहू नका, मी समजेन. पण खारूला दोन ओळी लिहा. ती शाळेतून आली की पहिल्यांदा पत्रपेटी उघडून बघते, आणि काही नसलं तरी पुन्हा आत हात घालून बघते.

तुमची


९ ऑगस्ट

पोरी,

खारूचं पत्र वेगळं घातलंय. आधी तिला दे, मग हे वाच.

राग आला होता. कोणाचा आला ते बरेच दिवस ठरेना. तुझं पत्र आलं तेव्हा मी कपाट रिकामं करून बसलो होतो, भोवती खोकी, आणि मधे मी. आधी तुझा राग आला. मग त्या माणसाचा, ज्याला मी पाहिलेलं नाही. मग माझा स्वतःचा, की तुझ्या एका वाक्यावर सगळं घर बांधून मोकळा झालो. मालकांनी विचारलं, काय झालं, जायचं रद्द? मी म्हटलं, गुडघा. गुडघ्यावर काहीही ढकलता येतं.

तुला लिहायला बसायचो आणि ‘पोरी’च्या पुढे जमायचं नाही. आशीर्वाद देतो म्हणावं, तर मनात नव्हतं. मनात नाही ते लिहायचं नाही असं ठरवलं, म्हणून उशीर झाला.

मग परवा बाजारात गेलो होतो, बॅटरीचे सेल आणायला. तिथे एक जुना ओळखीचा दुकानदार आहे, मी कामाला होतो तेव्हा त्याच्याकडूनच माल घ्यायचो. त्याच्या काचेच्या कपाटात स्विच मांडलेले. मी म्हटलं, दाखव. का म्हटलं ते माहीत नाही. सवय. तो म्हणाला, “किती पोर्टचा देऊ?” मी बोटं मोजली. तुझा संगणक, प्रिंटर, फाइलींचा डबा, छतावरचा वायफाय, राउटर. मग खिडकीतलं टेबल. मग मागची खोली. सात. “एक शिल्लक धरून आठाचा दे,” मी म्हणालो.

तो डबा काढायला आत गेला आणि मी तिथेच स्टुलावर बसलो. खिडकीतलं टेबल मी मोजलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, जोरही केला नव्हता. हात आपोआप गेला. तेव्हा कळलं, की माझ्या हिशेबात तो माणूस आधीच येऊन बसलाय, आणि मी उगीच दार लावून धरलंय. दुकानदार म्हणाला, काका, पाणी देऊ का? मी म्हटलं, दे.

तो स्विच या पत्राबरोबर पार्सलने पाठवतोय. आठ पोर्ट, त्यातले चार वीज देणारे, पंखा नाही. छतावरचा वायफाय पहिल्या चारांत लाव. जुना काढ. काढताना वाईट वाटेल, मलाही इथे बसून वाटतंय. पण तुझं काम त्याच्या डब्यामुळे अडलेलं त्यालाच आवडलं नसतं. तुला माहीत आहे, काही अडलं की तो किती चिडायचा.

मी राहायला येत नाही. रुसून नाही, पोरी, खरंच नाही. नवीन घर बसायला वेळ लागतो, त्यात म्हाताऱ्याच्या गुडघ्याचा सूर नको. मालकांना सांगितलं की नाही जात, तर त्यांनी लगेच कालच्या वर्तमानपत्रावरून भांडण काढलं. कपाट विकलं गेलं नव्हतं. खोकी सोडली, फक्त चहाची गाळणी अजून सापडत नाही.

पण येत जाईन. खोलीला रंग काढलाच आहेस तर तिथे एक कॉट राहू दे. यंत्रांच्या शेजारी मी झोपेन, त्यांना माझ्या घोरण्याचा त्रास नाही.

आणि हो. तो ‘थांबू’ म्हणाला, हे लिहिलंस ते बरं केलंस.

बाबा


३० ऑगस्ट

तुम्हाला काय म्हणायचं ते ठरेना, म्हणून वर काहीच लिहिलेलं नाही. मी मोजणीदार. मी पत्र लिहितोय हे तिला सांगितलंय, पण तिने लिहायला लावलेलं नाही.

तुम्ही पाठवलेला स्विच मिळाला. बसवला. जुना तिने स्वतःच्या हाताने काढला, मी आणि खारू बाहेर थांबलो. पुढच्या खोलीतलं सगळं आता नीट चालतं. पहिली मोठी फाइल उघडली तेव्हा ती चहा टाकायला निघाली होती, आणि अर्ध्या वाटेतून परत आली. चहा नंतर मी टाकला.

एक अडचण आहे. मागच्या खोलीच्या पोर्टवर हिरवा दिवा लागायला हवा तिथे पिवळा लागतो, म्हणजे तिकडे अजून शंभराच्याच वेगाने जातंय. मी आधी स्विचला दोष दिला, त्याबद्दल माफी असावी. मग मागच्या खोलीतलं भिंतीतलं झाकण उघडलं. वायरीत आठ तारा आहेत, पण नेटला चारच जोडल्यात. बाकीच्या चारांतल्या दोन एका जुन्या फोनच्या पॉइंटला गेल्यात. पुस्तकात बघितलं, गिगाबिटला आठही लागतात.

काम इतकं नीट केलंय की हात लावायचा धीर होत नाही. तारांचा पीळ शेवटपर्यंत राखलाय, आत थोडी वायर जास्तीची सोडलीये, पुढे कोणाला लागली तर म्हणून. मी रोज लोकांची कामं मोजतो. असं क्वचित दिसतं.

आठही तारा जोडून बघितल्या असत्या, पण त्यातल्या दोन फोनच्या पॉइंटकडे वळवताना मधेच कुठेतरी तोडलेल्या दिसतात. नवीन वायर टाकावी लागेल. भिंतीतला पाइप तोच वापरता येईल, मात्र जुनी वायर काढल्याशिवाय नवीन आत जाणार नाही.

मी ते रविवारी करणार होतो. पण खारू येऊन उभी राहिली. म्हणाली, बाबाने ही वायर टाकली तेव्हा टॉर्च मी धरला होता. मी म्हटलं, असं का? तर म्हणाली, “मग ती काढायची तर आजोबांना विचारायला नको?” बरोबर होतं तिचं. मी झाकण परत लावून टाकलं.

म्हणून विचारतो. ती वायर तुमच्या मुलाची आहे. काढू का? नको म्हणालात तर नाही काढणार. मागच्या खोलीचं काम पुढे बसून करता येतं, त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

या घरात मला जी जागा मिळतेय ती कोणाची होती, हे मला माहीत आहे. मी ते विसरून वागणार नाही, एवढंच सांगायचं होतं. पत्र लिहायची सवय नाही. चुकलं असेल तर समजून घ्यावं.

मोजणीदार


६ सप्टेंबर

मोजणीदार,

तुमचं पत्र मिळालं. वाचून मालकांनाही दाखवलं. ते म्हणाले, अक्षर चांगलं आहे. त्यांच्याकडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ.

त्या वायरीची गोष्ट सांगतो. मागची खोली मी आलो की माझी असायची. तेव्हा मला ऐकू यायचं, पण फोन वाजला की पुढे धावत जाईपर्यंत तो बंद व्हायचा. मी म्हटलं, फोन मागेच घे. तो म्हणाला, दुसरी वायर टाकतो. मी म्हटलं, दुसरी कशाला? या वायरीतल्या चार तारा रिकाम्या पडल्यात, त्यांतून घे. तेव्हा नेटला चारच तारा लागायच्या, म्हणून ते बरोबर होतं. आता आठ लागतात, म्हणून ते बरोबर नाही. एवढीच गोष्ट आहे, त्यात कोणाची चूक शोधायची नाही. त्या फोनवर त्याने मला पहिला फोन केला तो पुढच्या खोलीतूनच. म्हणाला, “बाबा, जेवायला या.”

वायर काढा. तुम्ही विचारलंत, मला पोचलं.

फक्त घाई करू नका. जुनी वायर आधी ओढून काढायची नाही, मग नवीन आत जाता जात नाही, पाइपाला मधे वळण आहे. नवीन वायरीचं टोक जुनीच्या टोकाला बांधायचं. टोकं एकापुढे एक ठेवायची, वरून चिकटपट्टी घट्ट, गाठ जाड होऊ द्यायची नाही. आणि मग जुनी ओढायची, सावकाश. ती बाहेर येता येता नवीनला आपल्या जागेवर आणून ठेवते.

पण हे एकट्याचं काम नाही. एकाने शिडीवर चढून भरवायची आणि दुसऱ्याने तिकडून ओढायची. दोघांचा वेग जुळला नाही तर वायर मधेच अडते. आमच्या घरात भरवायचा तो, ओढायचो मी. म्हणून मी येतोय. शनिवारी सकाळच्या गाडीने. सूनबाईला सांगा, कॉट टाकून ठेव. खारूला सांगा, टॉर्चला सेल मी आणतोय. ती वायर काढली की कुठे ठेवायची, ते ती आणि मी ठरवू.

आणि एक आधीच सांगून ठेवतो. शिडीवरच्या माणसाला मी अहो-जाहो करत नाही. ‘अहो, जरा हळू सोडता का’ म्हणेपर्यंत वायर अडकलेली असते. तेव्हा मी तुला अरे-तुरे करणार. तूही ओरडूनच बोल, मला ऐकू येत नाही, त्यात राग मानायचा नाही. दम लागला की थांबायचं, चहा प्यायचा, पुन्हा लागायचं.

शनिवारपर्यंत झाकण उघडू नकोस. मी आलो की बरोबर उघडू.

बाबा